सरूची घाणेरी

कालवड अंगणात पाय ताणून पडली होती. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, ऊर बडवत होत्या. "कशानं मेली गं माझी लक्ष्मी?" मी धाकट्या जावेच्या फुलांकडं बोट दाखवलं. म्हटलं, "हिची घाणेरी खाल्ली, दुसरं काय!"

ती जाऊ, सरू, गेल्या महिन्यात वारली. दिवसकार्य झालं, पाहुणे परतले. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, म्हणून जमेल तसं लिहिते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माले गावाच्या पुढं उतारावर आमचं घर. पावसाळा अंगणातली माती धुऊन न्यायचा, दिवाळीनंतर नुसता मुरूम उरायचा. सरूचा भाऊ पुण्यात एका बंगल्यावर माळीकाम करायचा. त्यानं घाणेरीच्या चार काड्या दिल्या. रानातली घाणेरी कमरेएवढी वाढते, ओरबाडते. ही जमिनीला धरून पसरणारी, जांभळ्या फुलांची. मी म्हटलं, "दारात लावायला हेच घावलं व्हय?" सरू हसली. "नाव मानसांनी ठिवलं, आक्का. तिला कुटं म्हाईत हाय?"

काडी आडवी टाकायची, पेर मुरमात दाबायचं, वर चपटा दगड ठेवायचा. पहिल्या उन्हाळ्यात तिनं भांडी धुतलेलं पाणी घातलं, पुढं तेही नाही. पावसाच्या तोंडाला विळ्यानं छाटायची. दोन वर्षांत सगळा उतार झाकला. गवत वाळून पिवळं पडलं, की दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आमच्याच दारात तेवढं जांभळं. वाटेनं जाणारे थांबायचे, "सरूचं दार" म्हणायचे. दार माझंही होतं. मला राग यायचा, तो मी धरून ठेवला.

कालवड राखायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी विहिरीवर बोलत बसले आणि ती शेजाऱ्याच्या रानात शिरली. तिथं कापलेल्या ज्वारीला नवे कोंब फुटले होते. ते गुरांना विष, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. मी तिला हाकून आणली, बांधली आणि गप्प राहिले... घटकाभरात ती आडवी झाली.

आत्याबाईंनी सगळी घाणेरी सरूकडूनच उपटून घेतली. ती बसून एकेक पेर सोडवत होती, दगड बाजूला ठेवत होती. तेव्हापासून तिचं नावच घाणेरी पडलं. "घाणेरीला बोलवा, भाकऱ्या थापायच्यात." लग्नकार्यातसुद्धा तेच. मीही तशीच हाक मारायची, आणि मारताना बरं वाटायचं.

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा खरं सांगायचं ठरवून मी जवळ बसले. नुसतं तिचं पांघरूण सारखं करत राहिले. तीच म्हणाली, "कालवडीच्या तोंडाला ज्वारीचा पाला हुता, आक्का."

"तू बघितलास?"

"म्याच पदरानं पुसला. आत्याबाईंनी आदीच एकदा तुमाला म्हायेरी धाडलं हुतं. पुन्यांदा धाडलं असतं तर आनलं नसतं."

त्यावर माणसानं पाय धरावेत. मी विचारलं, "चा घेतीस का?"

"द्या की. साखर लई नगं."

तिचे दिवस झाल्यावर मी परसात गेले. मोरीमागं, जिथं आत्याबाई कधी जात नसत, तिथं चपटे दगड ओळीनं मांडलेले आहेत. त्यांच्यामधून घाणेरी निघून पार कुंपणापर्यंत गेली आहे. मी ती इतकी वर्षं बघत होते आणि रानातून आपोआप आली असं म्हणत होते. यंदा पाऊस लवकर सरला, तरी फुलली आहे. छाटायला सरू नाही. विळा मला धरवत नाही.

त्या दिवशी अंगणात आम्ही चौघी होतो. आत्याबाई, सरू, कालवड आणि मी. त्यांतली मीच तेवढी जिवंत आहे.