हात खाली

कर्णबधिर मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्षाच्या मुलींना कुठेतरी कामाला लावून देण्याची जबाबदारी बाईंकडे होती. त्यासाठी त्या वर्षभर दुकानं, छापखाने पालथे घालायच्या. बहुतेक ठिकाणी ‘कळवतो’ म्हणून बोळवण व्हायची. त्यामुळे कपडे शिवण्याच्या कारखान्याचा मालक आपणहून शाळेत आला, तेव्हा मुख्याध्यापिकांना आभाळ ठेंगणं झालं.

“असतील तेवढ्या द्या,” मालक म्हणाला. “फार गुणी मुली तुमच्या. गप्पा नाहीत, कुरकुर नाही.”

बाईंना ते टोचलं. यंदा ठमी बाहेर पडणार होती. ठमी म्हणजे हातांनी अखंड बडबड करणारं पोर. तिला गप्प करायचं तर तिचे हातच धरावे लागत. बाई तिला घेऊन कारखाना बघायला गेल्या.

लांबलचक खोली. खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेले. गेल्या वर्षी शाळेतून गेलेली एक मुलगी मशीनवर दिसली. बाईंनी खुणेने विचारलं, ‘कशी आहेस?’

मुलीने हात उचलले नाहीत. तिने आधी मुकादमाकडे पाहिलं.

“इथे हातवारे बंद आहेत,” मुकादम हसून म्हणाला. “जेवतानासुद्धा. एकदा सूट दिली की सवय लागते.”

निघताना त्या मुलीची बोटं कापडाआड हलली. ‘हिला आणू नका.’

बाईंनी ठमीच्या आईला सगळं सांगितलं.

“माझ्यामागे हिचं कोण बघणार, बाई?” आई म्हणाली. “दुसरी जागा आहे तुमच्याकडे?”

नव्हती. आईनेच ठमीला कारखान्यात नेऊन सोडलं.

महिन्याभराने, ठमी कामावर गेल्यावर, आई बाईंच्या दारात आली. तिच्या मनगटाला पट्टी होती.

“काल माझी बाही गॅसवर पेटली. ती समोरच बसून बघत होती. मांडीखाली दाबलेले हात तिने काढलेच नाहीत हो!”

दोघी तशाच कारखान्यात गेल्या. मुकादम आडवा आला, त्याला आईने बाजूला सारलं आणि ठमीला मशीनवरून उठवलं. बाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना दिसेल अशी खूण केली, ‘ज्यांना यायचंय त्यांनी चला.’

मशिनं थांबली. एकही मुलगी उठली नाही. जिने सावध केलं होतं, तिनेही मान खाली घातली. मशिनं पुन्हा सुरू झाली.

बाईंनी कामगार खात्याकडे तक्रार केली. तपासणीला माणसं आली, तेव्हा खिडक्यांवर कागद नव्हते आणि मुली एकमेकींशी खुणा करत होत्या. “आणखी काय हवंय तुम्हाला?” मुख्याध्यापिकांनी बाईंना विचारलं, आणि मग त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणं टाकलं.

बाईंनी बरीच पायपीट करून ठमीला एका शिंप्याकडे लावून दिलं. माणूस भला. त्याने आठवड्याभरात तिच्याकडून कामापुरत्या खुणा शिकून घेतल्या. ठमी आता बोलते, पण पाठीमागून कुणाची सावली पडली, की बोलणं अर्ध्यावर टाकून हात खाली घेते.

नवं वर्ष सुरू झालं. एका सकाळी बाई वर्गात शिरल्या, तर शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या दोन बाकांवर कुणीच नव्हतं.

“त्या कुठे आहेत?” त्यांनी दारात आलेल्या मुख्याध्यापिकांना विचारलं.

“लागल्या कामाला,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “मालकांनी गाडी पाठवली होती.”