जर्दाळूची लाकडं

ओमानमधल्या जबल अख्दर डोंगरावरच्या थंडीत बाबामियाँ सकाळची नमाज आटोपली की आधी शेगडीतली राख उकरायचे. तळाशी एखादा निखारा जिवंत सापडला की दिवस चांगला. मस्कतला पंचवीस वर्षं अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या घरी स्वयंपाक केला, मग अर्बाब अम्मारने आपल्या म्हाताऱ्या आईला सांभाळायला त्यांना या डोंगरावर पाठवलं. श्रीवर्धनच्या माणसाला बासष्टाव्या वर्षी कुऱ्हाडीचा नाद लागला. बागेतल्या मेलेल्या जर्दाळूचं लाकूड एका घावात फुटायचं. डाळिंबाचं चिवट, पण दुपारपर्यंत ऊब द्यायचं. भिंतीलगत रचलेली फाटी ते येता-जाता उगाच नीट करायचे.

गेल्या शुक्रवारी अम्मार विजेचा हीटर घेऊन आला.

"डॉक्टर म्हणतात, आईला धूर नको. आता खलास, बाबा. थंडी सरली की घरी जा, नातवंडांत बसा."

"इन्शाल्ला," बाबामियाँ म्हणाले. बायकोला, रशीदाला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी मुलाला फोन लावला.

"या ना अब्बा," आदिल म्हणाला. "पण मे महिन्यात या. नौशीन पोरांना घेऊन माहेरी जाते, तेव्हा जागा होते."

"आणि जूनमध्ये?"

"बघू काहीतरी."

चौथ्या दिवशी दुपारी बाबामियाँनी घरामागे जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"अम्मा, लाईट गेली."

"मग बसलायस काय? पेटव!" म्हातारी शालीतून हसली.

त्यांनी मन लावून शेगडी रचली. खाली ढलप्या, वर जर्दाळू, मागे डाळिंबाचा ओंडका. जाळ धरला तशी खोली लाल झाली आणि अम्माने दोन्ही हात पुढे केले. हीटरपुढे तिने एकदाही हात धरले नव्हते. बाबामियाँचा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात ती खोकली.

बारीकसा खोकला, कुणाला हाक मारण्याआधी घसा साफ करावा तसा. रशीदाचाही असाच सुरू झाला होता, चुलीपाशी. ते फोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, "आल्याचा रस घे."

"अम्मा, खिडकी उघडतो."

"नको. गार लागतं," ती म्हणाली आणि पुढचं बोलणं खोकल्यातच गेलं. ओठ निळसर झाले.

बाबामियाँनी चिमट्याने जळती लाकडं एकेक करून अंगणात नेली, बादली ओतली. मग मागे जाऊन स्विच वर केला, खिडक्या सताड उघडल्या, म्हातारीला रजईत गुंडाळून हीटरपाशी बसवलं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास जागेवर आला.

"आली लाईट?" तिने विचारलं. तिची नजर त्यांच्या भिजलेल्या बाह्यांवर होती.

"आली."

"तुझ्या गावात थंडी पडते का रे?"

"अशी नाही, अम्मा."

"मग तिथं जाऊन करशील काय?"

बाबामियाँ अंगणात गेले. ओल्या जर्दाळूला अजून गोड वास येत होता. त्यांनी चिमटा धुऊन ठेवला. जरा वेळाने उचलून तो पुन्हा धुतला.