सुनेची भाषा

गाडीत बसण्याआधी ते किल्ली खाली पाडायचे. निसटायची नाही, चांगली ठरवून पाडायचे. मग ती उचलायच्या निमित्तानं सावकाश वाकायचे, गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायचे आणि मगच दार उघडायचे. मेलबर्नमधल्या ट्रुगानिनाजवळच्या आमच्या लायब्ररीच्या काउंटरवरून मी हे दर मंगळवारी पाहायचे. मला वाटायचं, ऑइल गळत असेल. माझी सहकारी म्हणायची, घरी मांजर असेल. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही असाच काहीतरी निरुपद्रवी अंदाज केला असता.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना अभ्यासाची काचेची खोली हवी होती. सत्तरी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आमच्याकडे लोक रबरी चपला आणि हाफ पँटीत येतात, त्यात ते लांबूनच उठून दिसत. मी खोली त्यांच्या नावावर केली आणि सवयीनं म्हटलं, "नो वरीज."

"मेनी वरीज, सिन्योरा," ते गंभीरपणे म्हणाले. "मेनी."

पुढे हे आमचं ठरूनच गेलं. मी मुद्दाम म्हणायचे आणि ते न चुकता दुरुस्ती करायचे. सिन्योरा म्हणजे त्यांच्याकडचं 'बाई'.

खोली काचेची, पण आवाज काही अडत नसे. ते लॅपटॉपसमोर ताठ बसून एकेक वाक्य परेडवर हुकूम दिल्यासारखं ओरडत. होमवर्क करणाऱ्या पोरांनी तक्रार केली म्हणून मी सांगायला गेले. स्क्रीनवर एक नाकात रिंग घातलेली तरुण मुलगी कॉफी पीत होती. तिच्याकडे सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ.

"माफ करा," ते म्हणाले. "माझी सार्जंट फार कडक आहे."

"इंग्लिश क्लास का?"

"नाही. बास्क."

त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, मी ते इथे मराठीत नीट करून सांगते आहे. त्यांनी कागदावर स्पेनचा नकाशा काढला आणि वरच्या कोपऱ्यातल्या डोंगरांवर बोट ठेवलं. ही तिथली भाषा. आणि ते स्वतः? स्पॅनिश बोलणारे, जन्मानं स्पेनचे. मी चाटच पडले. सोलापूरच्या माणसानं जन्मभर कानडी टाळावी आणि म्हातारपणी मेलबर्नला येऊन शिकावी, असला हा प्रकार. शिवाय त्या भाषेचं स्पॅनिशशी काही म्हणता काही नातं नाही. एकही शब्द आपला वाटत नाही, असं ते कपाळावर हात मारून सांगत.

कारण होती नात. सून त्या डोंगरांतली. तिचं म्हणणं, स्पॅनिश काय, जगभर मिळते. ही भाषा मी घरात दिली नाही तर पोरीला कोण देणार? म्हणून ती मुलीशी फक्त बास्क बोलायची. त्यांच्या मुलाला ती भाषा येत नव्हती, तो मुलीशी इंग्रजी बोलायचा. स्पॅनिशला त्या घरात जागाच उरली नव्हती, आणि आजोबांकडे तर तेवढीच होती. बायको गेल्यावर ते मुलाकडे कायमचे राहायला आले, आणि पाहतात तो नात बडबडते ती आईच्याच भाषेत, आणि यांच्याकडे तिच्याशी बोलायला शब्दच नाहीत.

"ती मला चित्र दाखवते," ते म्हणाले. "मोठी गोष्ट सांगते. मी म्हणतो, व्हेरी गुड. रोज व्हेरी गुड. काय गुड आहे ते मला माहीत नसतं. सिन्योरा, तिची एक गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळायला हवी. मग मी मेलो तरी चालेल."

एकदा ते चिडून काउंटरवर आले. त्या भाषेत मुलगा झोपला तर नुसता मुलगा असतो, पण सफरचंद खाल्लं की त्याला मागे एक शेपूट लागतं. का? खाल्ल्यानं माणूस बदलतो का? मी म्हटलं, आमच्यात तसंच आहे की. मुलगा झोपला, मुलाने सफरचंद खाल्लं. त्यांनी माझ्याकडून ते तीनतीनदा म्हणवून घेतलं. "तुम्ही पण?" ते म्हणाले, आणि एखाद्या कटात मी सामील असावे तसे माझ्याकडे बघत राहिले.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा गाडी चालवायला लागले, पण वाकता येईना. एका तापलेल्या दुपारी ते काउंटरशी आले आणि खूप वेळ बूट न्याहाळत उभे राहिले.

"सिन्योरा, माझ्या गाडीखाली बघाल का?"

मी हसत बाहेर गेले. डांबरावर गुडघे टेकले, डोकं खाली घातलं. "काय शोधायचं? मांजर?"

"काही नाही. काही दिसता कामा नये. डबा, चिकटवलेला. बुटाच्या खोक्याएवढा."

मी तशीच थिजले. मग इतक्या घाईनं बाहेर आले की डोकं दारावर आपटलं.

तिथेच उभ्याउभ्या त्यांनी सांगितलं. ते पोलीस होते. तरुणपणी त्यांची बदली त्याच डोंगरांत झाली होती. तेव्हा तिथे वेगळा देश मागणाऱ्यांच्या बंदुका चालत. ते पोलिसांना मारत, आणि पोलिसही त्यांना मारत. एका रविवारी ते आणि त्यांचा मित्र बेकरीत गेले. मित्र पुढे जाऊन गाडीत बसला. हे मागे राहिले, केकच्या खोक्याला दोरा बांधून घेत. दोऱ्याची गाठ बसायच्या आत बाहेर गाडी उडाली.

मला घाम फुटला होता, आणि खरं सांगते, रागही आला होता. "आणि तुम्ही मला खाली वाकायला लावलंत?"

"इथे काही नसतं," ते म्हणाले. "माझ्या डोक्याला ते माहीत आहे. हातापायांना माहीत नाही."

"आणि तुम्ही त्यांचीच भाषा शिकताय?"

"तेव्हा मला त्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं. आमच्या दाराशेजारी भिंतीवर रंगवलेलं. चालते व्हा." त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "नातीला दुसरी वाक्यं येतात."

सुनेला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. पोलीस होतो ते माहीत आहे, म्हणाले. तिच्या मामाला ठाण्यात तुडवलं होतं, त्याचा हात पुन्हा कधी नीट वळला नाही. "माझ्या ठाण्यात नव्हे," ते म्हणाले, आणि मग, "ठाणं ते ठाणं." मुलाच्या लग्नाला ते गेलेच नव्हते. आता एका टेबलावर जेवतात, मीठ पुढे करतात, आणि त्या विषयावर घरात सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या फेब्रुवारीत, नात शाळेत जायला लागली. शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले असतील, एका मंगळवारी त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही.

"ती आता फक्त इंग्रजी बोलते," ते म्हणाले. "आईशीसुद्धा. काल मी विचारलं, काय काढलंस? पूर्ण वाक्य, सगळ्या शेपटांसकट बरोबर. ती म्हणाली, ग्रँडपा, जस्ट से इट इन इंग्लिश."

माझाही मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो, पण त्याच्यासाठी कुणी म्हातारपणी नवी भाषा शिकलेलं नाही. कसंबसं विचारलं, "मग आता क्लास बंद?"

"नाही." ते पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. "नात पळून गेली. पण स्वयंपाकघरातून उत्तर आलं. सून भांडी विसळत होती. वळली नाही. तिच्या भाषेत म्हणाली, घोडा काढलाय. मला पुढे काय बोलावं सुचेना. सार्जंटनं नुकतेच आकडे घेतले होते. मी विचारलं, पाय किती? ती म्हणाली, पाच. आणि हसली, सिन्योरा. माझ्याकडे बघून."

तेव्हापासून दर मंगळवारी मला बातमी मिळायची. आज कांद्यावर बोललो. आज वाळत घातलेल्या कपड्यांवर. आज पोरीच्या टीचरवर, आणि दोघांचं एकमत झालं. मी एकदा विचारलं, "आणि ते? जुनं?" तर म्हणाले, "त्याचे शब्द सार्जंटनं अजून शिकवले नाहीत."

थंडी सुरू झाली आणि ते यायचे थांबले. काही आठवड्यांनी एक बाई छोट्या मुलीला घेऊन आली. मुलगी पुस्तकांकडे धावली. बाई काउंटरशी थांबून म्हणाली, "तुम्हीच सिन्योरा ना?"

ते गेले, म्हणाली. न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलमध्ये पलंगाच्या एका बाजूला मुलगा होता, दुसऱ्या बाजूला ही. शेवटी ते बोलले ते हिच्या भाषेत. मुलगा सारखा विचारत होता, काय म्हणतायत? डॅड काय म्हणतायत?

"त्यांनी माझ्या मामाचं नाव घेतलं," ती म्हणाली. "विचारलं, त्याचा हात आता कसा आहे? मी सांगितलं, बरा आहे. दुखत नाही आता. त्यांनी डोळे मिटले." तिनं ओढणीसारखा गुंडाळलेला मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "मामा जाऊन कितीतरी वर्षं झाली."

मी विचारलं, "आणि नवऱ्याला काय सांगितलंत?"

"पाणी मागतायत म्हटलं. त्यानं चमच्यानं पाजलं. आता तो सगळ्यांना सांगतो, शेवटी माझ्या हातून पाणी तरी घेतलं त्यांनी. मी त्याला कसं सांगू?"

निघताना तिनं मुलीला त्यांच्या भाषेत हाक मारली, एक छोटं वाक्य. मुलीनं पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "कमिंग, मम." आई दाराशी थांबली आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हणाली.