डावीकडचा ब्रेक

माणिक धुमाळांच्या गाडीच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बाईस साल, एक भी खरोंच नहीं।' लखनऊच्या रस्त्यावर एकही ओरखडा नाही असं मिरवायला छाती लागते. धुमाळांकडे छाती होतीच, शिवाय डाव्या सीटसमोर, त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेकही होता. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याच्या गाडीत तो असतोच, शिकणाऱ्यानं घोळ घातला तर निस्तरायला. धुमाळ मात्र घोळ व्हायच्या आधीच निस्तरून मोकळे होत.

मूळचे ते विट्याकडचे. वडील सोनं गाळायच्या धंद्यासाठी लखनऊच्या 'चौक' बाजारात आले आणि इथलेच झाले. त्या भट्टीचा धूर माणिकला सोसेना, म्हणून त्यानं वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत मोटार ट्रेनिंग स्कूल काढलं आणि आगीतून फुफाट्यात पडला. वडील म्हणाले होते, "सोन्यातलं हीण तासाभरात निघतं. तू माणसांतलं काढायला निघालास, देव तुझं भलं करो."

देवानं भलं केलं, पण गिऱ्हाइकं पाठवताना फार निवड केली नाही. अमीनाबादच्या एका कापडवाल्या शेठजींचा ब्रेकपेक्षा हॉर्नवर विश्वास होता. एक वकीलसाहेब लाल दिव्याशी हुज्जत घालत. एक माताजी समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेत, आणि उघडल्यावर ट्रक गेलेला पाहून हनुमानजींचे आभार मानत. आभार खरं तर धुमाळांच्या उजव्या पायाचे मानायला हवे होते. पण त्या पायाची कीर्ती त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. गाडी थांबली की ते म्हणत, "शाब्बास! बहुत बढ़िया ब्रेक लगाया आपने!" गिऱ्हाईक खूश, धुमाळ खूश.

भानगड व्हायची ती नंतर. पृथ्वीराज सिंह नावाच्या ठेकेदारानं शिकून झाल्यावर तिसऱ्याच दिवशी नव्या गाडीनं स्वतःच्या घराचं फाटक पाडलं. त्यानं फोन केला. "धुमाळजी, आपकी गाड़ी तो अपने आप रुक जाती थी। इस नई वाली में कुछ खराबी है।"

"सर्विसिंग करवा लीजिए," धुमाळ शांतपणे म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते पटलेलं होतं, हे विशेष.

आणि मग चंद्रकांत बर्वे आले. रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, वय सहासष्ट. जन्मभर सरकारी गाडीत मागं बसलेले. मराठी माणूस म्हणून धुमाळांना आनंद झाला. तो साधारण दहा मिनिटं टिकला.

बर्वेसाहेब आधी गाडीभोवती फिरून चारही चाकांवर काठी आपटून पाहत. मग आत बसून घड्याळ बघून म्हणत, "प्रस्थान." धुमाळ ओरडले, "गिअर बदला!" की ते म्हणत, "समजलं. बदलतो," आणि पुढच्या चौकात बदलत. धुमाळांनी हॉर्न वाजवला तर "का वाजवलात? कारण सांगा." समोर म्हैस उभी असताना कारण कसलं सांगायचं? धुमाळांनी रोज मनातल्या मनात त्यांना गाडीतून उतरवलं, आणि रोज तोंडानं "अच्छा, साहेब" म्हटलं.

बाराव्या दिवशी बर्वेसाहेबांनी खिशातून छोटी वही काढली.

"धुमाळ, आज एकूण ब्रेक एक्केचाळीस. त्यांतले माझे सहा, तुमचे पस्तीस."

"काय बोलताय साहेब!"

"माझ्या पायाखालचं पेडल माझा पाय पोचायच्या आत खाली जातं. मी तीस वर्षं रेल्वेच्या ब्रेकवर काम केलंय, मला शिकवू नका." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला गाडी येते, हे मला मान्य आहे. मला कधी येणार?"

धुमाळांना राग आला. रागावलेला माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, तसं त्यांनी चेतनाला सांगितलं. चेतना मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"खरंच बोलले की. रात्री टीव्ही बघतानासुद्धा तुम्ही सतरंजीवर ब्रेक मारता. अंतरा काय वेगळं सांगत होती?"

अंतराचं नाव निघालं आणि धुमाळ उगाच मेथीच्या काड्या मोडू लागले. लेक बँकेत लागली होती. पहिल्या वर्षाच्या पगारातून तिनं जुनी निळी गाडी घेतली, शिकाऊ लायसन काढलं आणि शिकायला म्हणून हौसेनं बापाला शेजारी बसवलं. त्या गाडीत डावीकडं ब्रेक नव्हता. धुमाळांनी पायाखालची मॅट दाबून दाबून दुमडली, चार वेळा ओरडले आणि तेलीबागच्या चौकात सरळ हातब्रेक ओढला. मागच्या सगळ्या ई-रिक्षा गोळा झाल्या. अंतरानं किल्ली बापाच्या हातात ठेवली आणि रडत त्यांतल्याच एका रिक्षानं घरी गेली.

दोन महिने निळी गाडी कापडाखाली उभी होती. सकाळी ऑटोसाठी धावणाऱ्या लेकीला धुमाळ खिडकीतून बघत. त्यात परवा ती आईला म्हणाली होती, "सोमवार से मैं सामनेवाला स्कूल जॉइन कर रही हूँ।" म्हणजे सबंध सेक्टरासमोर धुमाळांची लेक दुसऱ्याचा बोर्ड लावलेल्या गाडीत! नाक कापलं जाणार होतं ते वेगळंच, पण नाकापेक्षा खोल काहीतरी दुखत होतं. दुनियेला गाडी शिकवली आणि पोटच्या पोरीच्या हातातली किल्ली तेवढी काढून घेतली.

रविवारी सकाळी बर्वेसाहेब आले ते अट घेऊनच.

"बूट काढा आणि मांडी घालून बसा."

"साहेब, हे जेवणाचं पान आहे का?"

"हातब्रेक तुमच्या हाताशी आहे, रस्ता रिकामा आहे आणि मी वीसच्या वर जाणार नाही. पाय वर घ्या, नाहीतर मी समोरच्या स्कूलमध्ये जातो."

समोरच्या स्कूलचं नाव त्या आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकून धुमाळांनी मुकाट्यानं बूट काढले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःच्या गाडीत सत्यनारायणाला बसल्यासारखे बसले.

"प्रस्थान," बर्वेसाहेब म्हणाले.

सेक्टरातला रुंद रस्ता संपत आला तसा कचराकुंडीआडून एक सांड निवांत चालत मध्ये आला. धुमाळांचा उजवा पाय मांडीखालून सुटायला धडपडला, पण तो डाव्याखाली पक्का अडकला होता. हात हातब्रेककडे गेला, आणि तिथं आधीच बर्वेसाहेबांची वही ठेवलेली होती. ती उचलावी की फेकावी, एवढा विचार होईतो गाडी थांबली होती. गचका देऊन, बंद पडून, पण सांडापासून चांगली दोन हात अलीकडे.

सांडानं दोघांकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

"तुम्ही दाबलात?" बर्वेसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पाय इथं आहेत माझे."

बर्वेसाहेबांनी वही उघडली, पेन काढलं आणि काही न लिहिताच परत खिशात ठेवलं. सहासष्ट वर्षांचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा हसत होता. इतक्या वर्षांत धुमाळांनी हजारो लोकांना शाब्बास म्हटलं होतं, पण असा हसलेला एकही चेहरा त्यांना आठवेना. त्यांना फार लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी निळ्या गाडीवरचं कापड काढलं, काचा पुसल्या आणि अंतराला हाक मारली. ती दारात आली तेव्हा बाप डाव्या सीटवर अनवाणी, मांडी घालून बसलेला होता.

"पापा, ये क्या है?"

"मी असाच बसणार. तोंडसुद्धा उघडणार नाही. तू चालव. नाही जमलं तर उद्या समोरच्या स्कूलची फी मी भरतो."

तिनं बापाच्या हातातली किल्ली घेतली. मग सीट पुढे ओढून बसली.

तेलीबागच्या चौकापर्यंत धुमाळांनी स्वतःची दोन्ही पावलं हातांनी धरून ठेवली होती, पळून जाणारी कोंबडी धरावी तशी. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. तेवढ्यात डावीकडून एक ई-रिक्षा बेधडक आडवी घुसली. धुमाळांनी ओठ आवळले.

गाडी थांबली. बंदही पडली नाही. रिक्षावाला हात दाखवून पुढे गेला.

अंतरानं आधी बापाच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"ब्रेक मैंने लगाया?"

"तूच गं. दुसरं कोण आहे इथं?"

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून हॉर्न वाजायला लागले तशी तिनं पहिला गिअर टाकला.

"अब पैर नीचे कर लीजिए, पापा।"

धुमाळांनी प्रयत्न केला. दोन्ही पाय पार बधिर झाले होते, जागचे हलेनात.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांना आता काही काम नाही. तू चल."