ताईचं विनागिअर लायसन

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. झाला चार वर्षांपूर्वी, वारंगा फाट्यावर. आम्हाला कळला तो यंदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी सव्वाअकरा वाजता, आरटीओ कचेरीत, परवान्यांच्या खिडकीपुढं. साक्षीदार मी. आरोपींतही मी आहे, पण ते पुढं येईल.

ताई नर्स. नांदेडला एका दवाखान्यात सहा वर्षं काढली, इंग्रजीची परीक्षा दिली आणि आयर्लंडात नोकरी मिळवली. खेड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, औषधं द्यायची, जखमा धुवायच्या. घरं लांब लांब, म्हणून अट एकच: मोटार चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत आणा. अट वाचून ताई हसली होती. आमची पिकअप ती विशीपासून चालवते. सोयाबीन भरून कळमनुरीच्या बाजारात नेते, आणि गाडी मागं घेताना कुणाला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावं लागत नाही. मी चालवतो तेव्हा अर्धा बाजार म्हणतो.

पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं बराबर होतं. खिडकीतल्या बाबूंनी लायसन उलटं करून पाहिलं.

"परवाना मिळून जाईल, मॅडम. स्कुटीचा."

"स्कुटीचा काहून? मी मोटार चालवते."

"चालवत असाल. पण लायसन विनागिअर दुचाकीचं हाय. जेवढं इथं, तेवढंच तिथं."

बाबूंचं काही चुकलं नाही. त्यांनी नीट समजावलं: आज मोटारीचं शिकाऊ लायसन काढा, तीस दिवस थांबा, मग परीक्षा, मग परवाना. ताईचं विमान एकोणिसाव्या दिवशी होतं. रांगेतल्या एका काकांनी लगेच तोडगा काढला, "तिकडं स्कुटीवरच जात जा ना, बाई. हवा थंड असते." या देशात सल्ला द्यायला लायसन लागत नाही, हे एक बरं आहे.

ताईनं पिकअपची चावी माझ्या हातात ठेवली.

"म्हणजे चार वर्षं मी बिनलायसन गाडी चालवून राहिले? घे. आता तूच चालव."

जिल्ह्यातली सगळ्यात बरी ड्रायव्हर शेजारी बसली आणि मी स्टिअरिंगवर. फाट्यापर्यंत ती एकच वाक्य बोलली, "गिअर बदल, रडून राहिलं ते."

फाट्यावर एजंटाचं दुकान. टेबल, लॅपटॉप, झेरॉक्सचं मशीन. ताईचा फॉर्म चार वर्षांपूर्वी यानंच भरला होता. विचारलं, तर त्याला आमचं आश्चर्य वाटलं.

"बायांचा फॉर्म मंजे विनागिअर. मी तर इचारतबी न्हाई. बाई दिसली की त्याच चौकोनात खूण. टाईम वाचतो."

"अहो, परीक्षेच्या दिवशी मी पिकअप घेऊन आले होते!"

"ध्यानात हाय की. मीच म्हनलं होतं, पिकअप बाजूला लावा, ही स्कुटी घ्या."

"अन् मोटारीचं विचारलं, तवा तुमी म्हनलात सगळं एकातच येतं."

"मॅडम, तुमाला तकलीफ नको म्हनून केलं. मोटारीची परीक्षा अवघड असती."

असा हा उपकार. माझा फॉर्मही यानंच भरला होता. मी पुरुष, म्हणून न विचारता दुचाकी आणि मोटार, दोन्ही चौकोनांत खुणा. त्या वेळी मला मोटार सुरू करता येत होती, थांबवता येत नव्हती.

आता आरोपी नंबर दोन. ताईचा फॉर्म छापून आला, तेव्हा मी तिच्याशेजारी उभा होतो. खाली छापलेलं होतं, वरील माहिती वाचली आहे. मी सहीच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणालो, "कर गं लवकर, मला बाजारात जायचंय." घाई कसली? पत्रकं वाटायची होती. मीच लिहिलेली, पिवळ्या कागदावर, वर ठळक मथळा: 'शेतकरी बंधूंनो, पीकविम्याच्या फॉर्मवर वाचल्याशिवाय सही करू नका!' टेबलावर जागा नव्हती म्हणून ताईनं फॉर्म त्याच गठ्ठ्यावर ठेवला आणि सही केली.

कार्ड घरी आलं, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. बाबा म्हणाले, फोटो चांगला आलाय. काकू म्हणाली, केस विंचरायचे होते. मी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. मागं विनागिअर दुचाकीची एमसीडब्ल्यूओजी ही पाच इंग्रजी अक्षरं होती. घरात शिकलेली माणसं पाच. प्रत्येकाच्या वाट्याला एक आलं असतं, तरी भागलं असतं.

ताईनं आयर्लंडला सगळं खरं लिहिलं. फार सभ्य उत्तर आलं: दिलगीर आहोत, म्हातारी माणसं थांबू शकत नाहीत. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिसाव्या दिवसानंतर ताईनं परीक्षा दिली, त्याच पिकअपवर, आणि एका फटक्यात पास झाली. आता लायसन आहे, नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणून परवाना नाही. ती पुन्हा अर्ज करते आहे. माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, म्हणून बहुतेक ओरडली नाही.

आता तुम्ही. अरेरे म्हणू नका, आमच्या घरी अरेरेचा साठा भरपूर आहे. उठा. घरातल्या बाईला तिचं लायसन पर्समधून बाहेर काढायला सांगा. फोटो पाहू नका. उलटं करा आणि मागची अक्षरं तिच्यासोबत वाचा. ती मोटार चालवत असेल आणि तिथं मोटारीचं एलएमव्ही नसेल, तर उद्या कामाला दांडी मारा, तिच्याबरोबर कचेरीत जा. फॉर्म तिलाच भरू द्या. तुम्ही बाहेर थांबा.