आईचं विरजण

आज प्रयोगशाळेत मॅडमनी दह्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. इवलेसे जीवाणू दिसले, काही काड्यांसारखे, काही मण्यांच्या माळेसारखे.

मैत्रीण हसली, "अगं, हे आपण रोज खातो!"

आई गेली त्या आठवड्यात तिच्या हातचं वाटीभर दही उरलं होतं. तेवढंच विरजण मी दुधात घातलं. आई आधी करंगळी बुडवून बघायची, मी विसरले. दही लागलंच नाही. बाबा म्हणाले, "राहू दे पोरी, शेजारून आणू."

मला वाटलं, दूधच वाईट असेल. आज मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं, कढत दुधात हे जीव मरतात. आईने वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं जगवलेलं माझ्या हातून संपलं.

"दिसलं का गं?" मॅडमनी विचारलं.

"हो," म्हणाले, पण भिंगावरून डोळा काढला नाही.