परीक्षेच्या दिवसांतलं डांगर

आक्कांच्या हातात भोपळा आला की आधी त्याला एक चापट बसायची. मग त्या कान लावून म्हणायच्या, "बोल." आवाज ठस्स आला तर, "अजून लहान आहेस, बस तिकडे," म्हणून त्याची रवानगी परत खिडकीत.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात आक्का स्वयंपाक करायच्या. पानगळ सुरू झाली की भाजीवाला मागच्या दाराशी लाल भोपळ्यांचा ढीग लावून जायचा आणि आक्कांना चार हात फुटायचे. सालासकट जाड फोडी, त्यांना लसूण आणि तेल चोळून ओव्हनमध्ये ढकलायचं आणि कडा काळ्या पडेपर्यंत दार उघडायचं नाही. बिया मीठ लावून तव्यावर, उरलेल्या गराचं मिरपूड घालून दाट सूप. वर्षभर डाळ-बटाटे शिजवणारी बाई या दिवसांत गाणं गुणगुणायची.

पण नेमकी पानगळीतच परीक्षा. मुली ताटाकडे बघून दोन पावलं मागे सरकायच्या.

"आक्का, आज तरी भोपळा नको हो. पेपर आहे."

"पेपर तुझा आहे. भोपळ्याला कुठे लिहायचाय?"

हसायच्या सगळ्या, खायचं कुणीच नाही. गेल्या वर्षी सुपाचं आख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं. या वर्षी वॉर्डनबाईंनी बजावलं होतं की पुन्हा अन्न परत आलं तर भोपळा कायमचा बंद. त्या दिवशी आक्कांनी एकाही भोपळ्याला चापट मारली नाही.

त्यात एक चष्मेवाली मुलगी. शरीररचनेच्या पेपरात गेल्या वेळी गटांगळी खाल्लेली, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेलेल्या. एकटीच कोपऱ्यात बसायची, दोन घास चिवडून उठायची. ते आक्कांना भोपळ्याच्या अपमानापेक्षा जास्त लागायचं. स्वतः त्यांनी लहानपणी गणितात भोपळा आणला होता आणि रडत घरी आल्या, तर ताटात पुन्हा तोच. आई म्हणाली होती, "भोपळा शाळेत मिळतो गं. घरात असतं ते डांगर. जेव."

तेच आठवलं आणि आक्का उठल्या. भोजनगृहाच्या फळ्यावर खडूने लिहिलं: भाजलेलं डांगर.

कुणीतरी विचारलंच, डांगर म्हणजे काय. आक्का हातातल्या डावावरून नजर न उचलता म्हणाल्या की माझ्या माहेरचं आहे. खोटं नव्हतं ते. फोडी सोललेल्या, वर भरपूर कोथिंबीर. मुलींनी बोटं चाटली. चष्मेवालीने तर दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. वॉर्डनबाईही वाटी घेऊन आल्या आणि खाऊन म्हणाल्या, "हे चालू ठेवा. त्या भोपळ्यापेक्षा कितीतरी बरं."

परीक्षा संपली तशी आक्कांची सुरू झाली. भोपळा खाल्ला की पेपरात भोपळा मिळतो, या समजुतीची ज्या बाईने आयुष्यभर टिंगल केली, तीच आता कांदा चिरता चिरता थबकायची. पोर पुन्हा नापास झाली तर? बिचारीला न सांगता भोपळा चारला आपण, तोही दोनदा वाढून. एके दिवशी सुपात मीठच पडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा पडलं.

निकालाच्या दिवशी चष्मेवाली थेट स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. आक्कांना राहवलं नाही.

"बाई, आधी माझं ऐक. ते डांगर होतं ना..."

"भोपळा होता. माहितीये."

आक्कांच्या हातातला डाव पातेल्यातच गेला.

"आमची आजीपण डांगरच म्हणते," चष्मेवाली म्हणाली. "फळा वाचला तेव्हाच कळलं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही मान वर न करता वाढत होतात. ज्याला खोटंही धड बोलता येत नाही, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि वास मस्त येत होता."

"बाकीच्यांना सांगितलं नाहीस ते?"

"पोटभर जेवत होत्या. जेवू दे म्हटलं."

आक्कांनी पदराने कपाळ पुसलं. शेवटी पुटपुटल्या, "किती पडले?"

"साठ."

आक्का पातेल्यातला डाव बाहेर काढत म्हणाल्या, "म्हणजे भोपळा आहेच की त्यात."

"आहे ना," चष्मेवालीने ताट पुढे केलं. "पण यंदा बरोबर जागेवर बसलाय."